रक्त काळपट आलं म्हणून

न्यूमोनियातून सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे बीपी कोसळतं ती अवस्था) गेलेला पेशंट. व्हेंटिलेटरवर, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन ८२ टक्के, बीपी ७०/४०, ते वर आणायला नॉरअ‍ॅड्रेनलिन हाताच्या शिरेतून चालू. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी, लागणारच होती. मानेतली मोठी शीर, उजवी इंटर्नल जुग्युलर, ठरली.

बेड डोक्याकडून १५ अंश खाली केला, मान डावीकडे जेमतेम ३० अंश वळवली. बरेच जण मान पार वळवतात. मग शीर शेजारच्या कॅरोटिड धमनीच्या डोक्यावर येऊन बसते आणि सुई आरपार गेली की खाली धमनीच. सोनोग्राफीच्या लिनियर प्रोबने हलकं दाबलं: शीर चपटी, कॅरोटिड गोल आणि ठोके देणारी. पेशंटच्या अंगात पाणी कमी होतं, त्यामुळे शीर दर श्वासाला मिटायची. तेव्हा थोडं सलाइन देऊन थांबायला हवं होतं, ते झालं नाही.

सुई १८ गेजची, रेसिडेंटच्या हातात. शॉर्ट अ‍ॅक्सिसमध्ये, म्हणजे शिरेचा आडवा काप दिसताना, पडद्यावर पांढरा ठिपका दिसला की आपल्याला वाटतं, टोक सापडलं. पण प्रोब सुईचा एक काप दाखवतो, तो मधल्या दांड्याचाही असू शकतो. म्हणून प्रोब पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा झाला की सुई तेवढीच ढकलायची, ठिपका परत आला की पुन्हा प्रोब. इथे प्रोब जागचा हललाच नाही. शिरेची वरची भिंत तंबूसारखी दबत खालच्या भिंतीला टेकली, सिरिंज कोरडी. आणखी दोन-तीन मिलिमीटर गेल्यावर रक्त आलं. काळपट, उसळी नाही.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खरं तर याच पेशंटमध्ये रंगावर काडीचा भरवसा नको. एवढ्या कमी सॅच्युरेशनला आणि प्रेशरला धमनीतलं रक्तही असंच निवांत येतं. सुईतून गाइडवायर, जिच्यावरून पुढे नळी सरकवतात ती, बिनअडथळा सरकली. तीही सरकणारच, कॅरोटिड काही अरुंद नळी नव्हे.

डायलेटर (नळीसाठी वाट रुंद करणारा) मागितला गेला, तेव्हा आधी वायर दाखवा म्हटलं. लाँग अ‍ॅक्सिसमध्ये, म्हणजे शीर लांबीत बघताना, ती रिकामी. प्रोब आडवा करून हळूहळू खाली नेला, तर वायर शिरेच्या वरच्या भिंतीतून आत, खालच्या भिंतीतून बाहेर आणि कॅरोटिडच्या पोटात चकाकत होती.

१८ गेजचं भोक सव्वा मिलिमीटरचं. डायलेटर गेला असता तर त्याच्या दुप्पट झालं असतं आणि व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवावं लागलं असतं. इथे वायर काढून, घड्याळ लावून दहा मिनिटं दाब दिला. मध्येच उचलून बघायचं नाही, एवढंच पथ्य.

दुसरी लाइन उजव्या मांडीत टाकली. डावी मान मुद्दाम टाळली, दोन्हीकडे सूज नको होती. या वेळी इन-प्लेन, म्हणजे सुई टोकापासून दांड्यापर्यंत पडद्यावर. वायर शिरेत दोन्ही अ‍ॅक्सिसमध्ये पाहिली. डायलेटर कातडी आणि खालच्या थरापुरताच, पूर्ण लांबी कधीच नाही, आणि तो जाताना वायर मोकळी पुढे-मागे हलते का हे सतत बघत. वायर अडली की ती वाकली समजायचं. ७ फ्रेंच जाडीचा, आत तीन वाटा (लुमेन) असलेला कॅथेटर, तिन्ही वाटांतून रक्त ओढून पाहिलं, मग सलाइनने फ्लश. वायर बाहेर आल्याचं सिस्टरनी मोठ्याने सांगून लिहून घेतलं.

दोन तासांनी मानेवर परत प्रोब ठेवला. कॅरोटिडशेजारी रक्ताची छोटी गाठ होती, वाढत नव्हती.