जीईडी की डिप्लोमा?

आज लायब्ररीतल्या प्रौढांच्या वर्गात (मी तिथे गणित शिकवते) एका एकोणीस वर्षांच्या मुलाने विचारलं, "परत शाळेत जाऊन राहिलेले क्रेडिट्स पूर्ण करू, की जीईडी देऊन मोकळा होऊ?"

इथे अमेरिकेत शाळेचे क्रेडिट्स (विषय पास करून मिळणारे गुणांक) पूर्ण झाले की हायस्कूल डिप्लोमा मिळतो, म्हणजे आपलं बारावीचं सर्टिफिकेट; जीईडी ही शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठी त्याला पर्यायी परीक्षा. सगळे पटकन सांगतात, "दोन्ही सारखंच." बहुतेक कॉलेजांपुरतं ते खरंही आहे. जीईडीचे चार विषय, प्रत्येकात किमान १४५ गुण, झालं. पण या पोराला सैन्यात जायचंय! गंमत म्हणजे ही परीक्षा १९४२ मध्ये सैनिकांसाठीच सुरू झाली आणि आज भरती करताना सैन्यच डिप्लोमावाल्यांना आधी घेतं. जीईडीवाल्यांसाठी जागा मोजक्याच. मात्र जीईडीनंतर कॉलेजचे १५ क्रेडिट्स मिळवले की तो डिप्लोमावाल्यांच्या रांगेत जातो. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मते शाळा सोडताना ही माहिती मुलाच्या हातात कागदावर द्यायला हवी.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपला सतरा नंबर फॉर्मच की!" तसं नाही गं. सतरा नंबरवाला बोर्डाचाच पेपर देतो, बोर्डाचंच सर्टिफिकेट घेतो. इथे परीक्षाच वेगळी.

शेवटी त्या मुलाने जीईडी आणि मग क्रेडिट्ससाठी कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) असं ठरवलं. शाळेत सोळा वर्षांच्या पोरांशेजारी बसायची लाज वाटते म्हणाला. ते मला पटलं. जीईडीच्या गणितातले पहिले काही प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय असतात, हे ऐकून मात्र चेहरा पडला. पुढच्या आठवड्यापासून पाढे!