मोजून टाकलेला चेंडू

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलींचा बास्केटबॉल संघ एका आंतरशालेय सामन्यात तीन गुणांनी हरला. गुणपत्रक पाहिले तेव्हा लक्षात आले की मिळालेल्या १४ फ्री थ्रोंपैकी, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून विनाअडथळा टाकायला मिळणाऱ्या चेंडूंपैकी, आमचे फक्त ५ आत गेले होते. परभणीतल्या आमच्या सिमेंटच्या मैदानावर याच मुली रोज संध्याकाळी दहांपैकी सात सहज टाकत असत. दोष माझ्या सराव घेण्याच्या पद्धतीत होता, हे स्वतःशी मान्य करायला मला आठवडा लागला.

एकाच जागी उभे राहून सलग दहा चेंडू टाकले की पहिले दोन-तीन हुकतात, हात अंदाज घेतो आणि पुढचे आपोआप जमत जातात. सामन्यात मात्र धावून धाप लागलेली असते, पंचांनी चेंडू हातात दिल्यापासून ५ सेकंदांत तो टाकावा लागतो आणि बहुतेक वेळा संधी दोनच मिळतात. अंदाज घेण्यासाठी तिसरा चेंडू नसतो. म्हणून मी सलग फेक बंद केली. आता मुली दोन जोड्यांत मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात, धापा टाकतच रेषेवर येतात, दोनच चेंडू टाकतात आणि पुन्हा धावायला निघतात. ज्या जोडीचे गुण कमी भरतील तिने सगळे चेंडू गोळा करून खोलीत ठेवायचे. शिक्षा म्हणाल तर एवढीच, परंतु तेवढ्यानेही चुरस येते.

मुलींचा सर्वांत आवडता खेळ नॉकआऊट. फ्री थ्रोच्या रेषेमागे रांग लावायची आणि पहिल्या दोघींकडे एकेक चेंडू द्यायचा. पहिलीचा नेम चुकला तर तिने धावत जाऊन आपला चेंडू पकडायचा आणि मागचीचा चेंडू रिंगमध्ये पडण्याआधी आपला आत घालायचा. नाही जमले तर ती बाद. मूळ खेळात मला एक मोठी उणीव दिसते: जिला सरावाची सर्वाधिक गरज असते तीच सर्वांत आधी बाहेर जाऊन बसते. त्यामुळे आमच्याकडे बाद झालेली मुलगी बसत नाही. ती दुसऱ्या रिंगवर तीन बास्केट करून पुन्हा रांगेत येते.

चुरशीचा एक धोकाही आहे, आणि तो मला गंभीर वाटतो. घाईत गुडघे वाकत नाहीत, कोपर बाहेर जाते आणि चेंडू सपाट जातो. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, पण ४५ अंशांत खाली येणाऱ्या चेंडूला तिचे तोंड सुमारे ३२ सेंटिमीटरच उघडे मिळते आणि ३० अंशांत येणाऱ्याला साडेबावीस. मुलींचा सहा नंबरचा चेंडूच सुमारे २३ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे इतका सपाट चेंडू रिंगच्या कडेला लागल्याशिवाय आत जाऊच शकत नाही. म्हणून ज्यांचे मनगट आणि फॉलो थ्रू (चेंडू सुटल्यावरही हात पुढे नेत राहणे) अजून बसलेले नाहीत, त्यांना मी शर्यतीत उतरवत नाही. लहान मुलांना तर आधी मिनी बास्केटबॉलची २.६० मीटर उंचीची रिंग आणि पाच नंबरचा चेंडू मिळायला हवा; नाहीतर नेहमीच्या ३.०५ मीटरच्या रिंगपर्यंत चेंडू पोहोचवण्यासाठी ती खांद्यावरून फेकू लागतात आणि ती सवय पुढे अनेक वर्षे सुटत नाही.

एकटीने सराव करायचा असेल तर काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी खेळावे, असे मी सांगतो. आपली बास्केट झाली की आपल्याला एक गुण, चुकली की त्याला दोन. आधी ११ गाठेल तो जिंकला. वरवर सोपा वाटणारा हा हिशेब फार कडक आहे, कारण तीनपैकी दोन चेंडू आत गेले तरी नुसती बरोबरीच होते.

त्या सामन्यात अखेरचे दोन्ही फ्री थ्रो चुकलेली नववीतली मुलगी हल्ली सगळ्या गेल्यावर हाच खेळ खेळते. परवा मी दिवा मालवायला निघालो तेव्हा तिचे १० झाले होते आणि समोरच्याचे ८. पुढचा चेंडू कडेला लागून बाहेर आला, दोघांचे १०. तिने तळहात टी-शर्टला पुसला, चेंडू दोनदा आपटला आणि रिंगवरची नजर न काढता म्हणाली, "सर, लाईट राहू द्या की, एकच राहिलाय."