कोरडी चादर, ओली तक्रार

"चादर ओली आहे" ही तक्रार जुलैत सुरू झाली ती थांबेचना. मी कळंगुटजवळच्या एका हॉटेलात लिनन रूम सांभाळते. चादरी, टॉवेल, अभ्रे, सगळ्याचा हिशेब माझ्याकडे. चादरी नव्याच आल्या होत्या, साटीन विणीच्या, बोट ठेवलं की घसरावं अशा सुळसुळीत. ठपका अर्थातच लाँड्रीवर आला. गॅस वाचवायला कपडे अर्धवट वाळवतात, असं वरच्या मजल्यावर ठरूनही गेलं, आणि लाँड्रीतल्या दादाच्या पगारातून पैसे कापायची भाषा सुरू झाली. हा माणूस डिचोलीहून पहाटेच्या बसने येतो आणि रोलर इस्त्रीतून निघालेली प्रत्येक चादर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितल्याशिवाय घडी घालत नाही. त्याच्यावर हा आळ मला सहन होत नव्हता.

त्या दिवशी सोलापूरचं एक वयस्कर जोडपं उतरलं होतं. दुपारी काकूंचा फोन: "अहो, चादर ओली आहे. माझे गुडघे धरतील रात्री." मी स्वतः गेले. लाँड्रीतून नुकती निघालेली, अजून गरम असलेली चादर त्यांच्यासमोर अंथरली. काकूंनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "हं, आता कशी छान कोरडी." तासाभराने पुन्हा फोन. तीच चादर. ओली.

खोलीत पाणी सांडलं नव्हतं, छत गळत नव्हतं. एसी मात्र १८ वर होता.

काका इतका वेळ गप्प बसून बघत होते. त्यांचं अख्खं आयुष्य सोलापुरात चादरीच्या मागावर गेलेलं. ते उठले, चादरीची कड अंगठा आणि तर्जनीत धरून चुरली, मग गालाला लावली, मग बाही वर करून कोपराखालच्या भागावर सावकाश ओढली. "ताई, ह्यात पाणी नाही. पाणी असलं की कापड जड पडतं, मुरड घातली की लोळतं. ही बघा, मुरड कशी ताठ उभी आहे. ओली नाही, ओली *लागते*." मग म्हणाले, "तुमची जुनी चादर असेल तर आणा."

जुनी म्हणजे साध्या विणीची, एक धागा वर एक खाली. थोडी खरखरीत, धुऊन धुऊन मवाळ झालेली. ती त्याच पलंगावर, त्याच गारठ्यात, थोडा वेळ पसरून ठेवली. काकूंनी डोळे मिटून दोन्हींवर हात ठेवला. जुनीला लगेच "कोरडी" म्हणाल्या, नवीला "सर्द".

कारण काय, ते मी पुढे वाचून समजून घेतलं. आपल्या कातडीत ओलावा ओळखणारी वेगळी नसच नाही. गारवा आणि स्पर्श यांची बेरीज करून मेंदू ठरवतो की हे ओलं आहे. कातडी झटकन गार पडली की अगदी कोरडी वस्तूही ओली वाटते. साटीन विणीत धागा चारांवरून जाऊन एकाखाली शिरतो, त्यामुळे पृष्ठभाग सपाट होतो, हाताला जास्त कापड टेकतं आणि उष्णता एकदम ओढली जाते. साध्या विणीत बारीक उंचवटे असतात, मध्ये हवा राहते, चटका कमी बसतो. दुकानदार नेमकं उलटं सांगतात, साधी वीण थंड आणि साटीन उबदार. तेही खोटं नाही, पण तो रात्रभर पांघरून झोपल्यावरचा हिशेब. तक्रार मात्र पहिल्या स्पर्शालाच होते. जपानमध्ये कावाबाता नावाच्या प्राध्यापकांनी १९७०च्या दशकात कापडाचा स्पर्श मोजायची यंत्रं बनवली, वाकवणं, ताणणं, दाबणं, घासणं असं सगळं वेगवेगळं मोजणारी. हात लावताक्षणी किती उष्णता निघून जाते याचंही माप त्यांच्याकडे होतं. काकांनी ते कोपराखालच्या कातडीने मोजलं.

संध्याकाळी मी हाऊसकीपिंगच्या बायकांना डोळे मिटून चादरी चाचपायला लावल्या. फिनाईल आणि ब्लीचमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या हातांना फरक कळेना. "सारख्याच गं." मग हाताच्या पालथ्या बाजूने, मग मानेला लावायला सांगितलं, आणि उत्तरं भराभर आली: गुळगुळीत, बुळबुळीत, चिकटते, निसटते, कुरकुरीत, भरीव. एकच चादर एकीला मुलायम आणि दुसरीला बुळबुळीत. पेडण्याची मावशी म्हणाली, "ओली न्हय, थंड लागता." नवी चादर ड्रायरमध्ये फिरवून गरम दिली तेव्हा एकीनेही ओली म्हटलं नाही. पाहुण्यांचे अभिप्राय आम्ही इतकी वर्षं कागदावर घेतो आणि कुठे लागलं, कधी लागलं, हे कधीच विचारत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. "मऊ नाही" या शब्दांत कडक, खरखरीत, जड, गरम, काहीही असू शकतं.

लाँड्रीला पूर्ण सुटका द्यायची तर एक गोष्ट उरत होती. सुती कापड हवेतलं पाणी पितंच. कापसाचा प्रमाणित ओलावा ८.५ टक्के धरतात, तो ६५ टक्के दमट हवेतला. आमच्या पावसात हवा त्याहून कितीतरी दमट. इस्त्रीतून निघालेली चादर काट्यावर ठेवली, रात्रभर लिनन रूमच्या फळीवर ठेवून सकाळी पुन्हा तोलली. पाऊण किलोची चादर ५०-६० ग्रॅमने जड झाली होती. म्हणजे थोडं पाणी खरंच होतं, पण ते लाँड्रीतून आलेलं नव्हतं. माझ्या खोलीच्या उघड्या खिडकीतून आलं होतं.

मी हे सगळं, वजनांसकट, लिहून मॅनेजरसमोर ठेवलं. पगारकपात रद्द झाली. लिनन रूमला ओलावा ओढणारं यंत्र मिळालं, खिडकी बंद झाली. जून ते सप्टेंबर साध्या विणीच्या चादरी, नोव्हेंबरपासून साटीन, असं आता ठरलं आहे, आणि ऑक्टोबरात पाऊस बघून. खोली तयार करताना एसी २४ वर ठेवायची सूचनाही लागली. काकूंच्या पलंगावर त्या रात्री मी जुनी चादर घातली आणि पायथ्याशी एक सोलापुरी ठेवली. काकांनी ती उलटीपालटी करून वीण तपासली आणि कुठल्या मागावरची असेल ते मला अर्धा तास समजावून सांगितलं.