पिशव्यांपाशी कोण बसणार?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने जेवताजेवता विचारले, "मामा, खरे डायनासोर परत जिवंत केले आणि त्यांची बाग काढली, तर लोक जातील का रे बघायला?" प्रश्न मला होता, पण उत्तर देण्याची घाई घरातल्या सगळ्यांनाच झाली. मेहुण्यांनी तिकीट किती असेल याचा अंदाज बांधायला सुरुवात केली, बहिणीने शनिवार-रविवार सोडूनच जायचे असे बजावले आणि आईने तिथे बसायला जागा असेल का, एवढेच विचारले. जावे की न जावे, हा मूळ प्रश्न कोणाच्या मनाला शिवलासुद्धा नाही, हे माझ्या लक्षात यायला ताटावरून उठेपर्यंतचा वेळ लागला.

शास्त्राचे काय ते आधी उरकून टाकतो. न्यूझीलंडमधल्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये असे मांडले की त्या हाडांतल्या डीएनएच्या साखळीचे निम्मे दुवे साधारण ५२१ वर्षांत तुटतात. कडाक्याच्या थंडीत हा वेग मंदावतो आणि म्हणूनच ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळू शकला. पण डायनासोरांना जाऊन साडेसहा कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत. अगदी काल-परवा गेलेला प्राणी परत आणणेही सोपे नाही. स्पेनमधल्या बुकार्दो या रानबोकडांची शेवटची मादी २००० साली मेली. तिच्या जपून ठेवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये क्लोनिंगने एक पिलू जन्माला घातले, ते फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांतच दगावले. तेव्हा बाग निघणार नाही. हे मी भाच्याला सांगितले आणि त्याने अत्यंत सहनशील चेहऱ्याने उत्तर दिले, "मी समजा म्हणालो ना."

तर समजा. मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत मिळून चुकले आहे. १८६२ पासून उघडी असलेली ही बाग मुंबईकराला इतकी सवयीची झाली होती की ती आहे हेच तो विसरून गेला होता. जुलै २०१६ मध्ये तिथे दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. एवढा खर्च कशासाठी, या दमट हवेत त्या मुक्या जिवांचे हाल कशाला, अशी बरीच ओरड झाली. त्या आठांतला एक पक्षी थोड्याच महिन्यांत दगावला, तेव्हा ती आणखी वाढली. माझा आवाजही त्या ओरडण्यात होता आणि तो चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. मार्च २०१७ मध्ये पेंग्विनांचे दालन लोकांसाठी खुले झाले आणि ओरडणाऱ्यांसकट सगळे रांगेत उभे राहिले. त्याच वर्षी मोठ्या माणसाचे प्रवेशाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेले, तरी रांग काही आटली नाही.

मी बराच उशिरा, भाचा पाच वर्षांचा झाल्यावर, त्याला घेऊन गेलो. आत अंधार होता, काच गार होती आणि काचेपलीकडे वाण्याच्या दुकानातल्या तेलाच्या डब्याएवढे काळेपांढरे पक्षी आपापल्या कामात होते. बर्फ न दिसल्यामुळे पुष्कळ लोक हिरमुसले होते. हम्बोल्ट पेंग्विन मुळात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे असतात आणि त्यांना बर्फाशी काही देणेघेणे नसते, पण हे सांगून कोणाचा दिवस वाया घालवण्याचे धैर्य मला झाले नाही. मग मी पेंग्विन सोडून माणसांकडे पाहू लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. मोठ्या माणसांपैकी जवळजवळ कोणीच काचेकडे पाहत नव्हते. "ते बघ, ते बघ, आता उडी मारणार," असे म्हणणाऱ्या बापाची नजर खांद्यावर बसवलेल्या पोराच्या तोंडावर होती. एक आजी नातीकडे पाहत होत्या आणि नात आपल्याहून धाकट्या भावाला पुढे ढकलत होती. सगळी गर्दी कोणाला तरी पेंग्विन दाखवायला आलेली होती. स्वतःला पाहायचे होते म्हणून एकटाच आलेला असा तिथे बहुधा कोणी नसावा.

डायनासोरांची बागही याच नियमाने चालेल. प्रौढ माणूस स्वतःसाठी तिकिटाचे पैसे मोजताना दहादा विचार करतो, पण 'मुलांना दाखवून आणू' म्हटले की त्याचा हात खिशात आपोआप जातो. विरोध करणारे, प्राण्यांच्या हालांची खरोखर काळजी असणारे, महागाईला विटलेले, सगळे या एका वाक्याच्या आडोशाने येतील. डायनासोरांच्या बाबतीत तर हे दाखवणे दोन्ही बाजूंनी होईल, कारण या विषयात मोठ्यांना काहीच येत नाही आणि मुलांना सगळे येते. घरात मीठ कुठे ठेवले आहे हे न सांगता येणारा मुलगा टिरॅनोसॉरसच्या दातांची लांबी सांगतो. मी एकदा मोठ्या ऐटीने भाच्याला विचारले की आपल्याकडच्या राजासॉरस या मांसाहारी डायनासोराचे नाव ऐकले आहेस का. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला त्याची हाडे मिळाली आणि २००३ मध्ये त्याचे नामकरण झाले, हे मी नुकतेच वाचलेले होते. "डोक्यावर शिंग असलेला तो ना?" त्याने टीव्हीवरची नजरही न काढता विचारले.

भीतीचे काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे माणसे ताडोब्यात कडाक्याच्या थंडीत, अंधार असतानाच उठून, उघड्या जिप्सीत कुडकुडत बसतात ती वाघ दिसावा म्हणून, आणि दिसला तर तो आणखी थोडा जवळून जावा म्हणून. परत आल्यावर एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच असतो, "साइटिंग झालं का?" झाले नसेल तर चेहरे असे पडतात की वाघाने दिलेला शब्द मोडला असावा. ज्या जनावराच्या एका पंजाने आपले आयुष्य संपू शकते ते न दिसल्याचे ज्यांना दुःख होते, त्यांना डायनासोर भिववील हे संभवत नाही. कठड्यावर चढू नये, अशी पाटी लागेल आणि त्या पाटीलाच धरून लोक कठड्यावर चढतील.

ताडोब्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव नावाचे खेडे आहे आणि तिथे एका अवाढव्य, लांब मानेच्या, शाकाहारी डायनासोराचा सांगाडा सापडला. त्याचे आजचे नाव इसीसॉरस असे आहे आणि त्यातला 'इसी' म्हणजे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव डायनासोराला मिळावे, ही गंमत मला फार आवडते. तिथून जवळच असलेल्या पिसदुऱ्याला तर डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. ते फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे कण निघाले, आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतेच हा समज २००५ मध्ये मोडीत निघाला. भाताच्या दूरच्या नातलगांच्या खुणाही त्यांत होत्या. विदर्भात धानाच्या आप्तांना तोंड लावणारे पहिले गिऱ्हाईक कोण होते, ते असे एका वाळल्या शेणाने सांगितले. नागपूरहून वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे वाघ पाहायला निघालेल्या गाड्या या भागातूनच जातात, आणि मीही तसा दोनदा गेलो आहे. थांबलो नाही. थांबून भाच्याला काय दाखवणार होतो? शेतातले दगड? दगड समजावून सांगावा लागतो, आणि सहलीला निघालेल्या माणसाची तेवढी तयारी नसते. दाखवायला मांस लागते, कातडी लागते, निदान हलणारी शेपटी तरी लागते.

लंडनकरांनी तर सिमेंटवर भागवले होते. १८५४ मध्ये तिथल्या सिडनहॅम भागात क्रिस्टल पॅलेस हा काच-लोखंडाचा प्रदर्शनमहाल नव्याने उभा राहिला तेव्हा त्याच्या बागेतल्या तळ्याकाठी वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने प्राचीन प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारले होते. 'डायनासोर' हा शब्द जन्माला येऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती, आणि तो घडवणारे रिचर्ड ओवेनच या कामाचे सल्लागार होते. पुतळे तयार होत असताना, १८५३ सालच्या शेवटच्या रात्री, इग्वानोडॉन या डायनासोराच्या पुतळ्याच्या साच्यात मेज मांडून मान्यवरांना मेजवानी देण्यात आली. जाहिरात कशी करावी हे आपण आज शिकलो, असे समजण्याचे कारण नाही. त्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग बसवले होते. पुढे कळले की ते शिंग नसून अंगठ्याचे हाड होते. त्याने काही बिघडले नाही. १९३६ च्या आगीत क्रिस्टल पॅलेस जळून गेला, पण नाकावर अंगठा घेतलेले ते जनावर तळ्याकाठी अजून उभे आहे आणि आईबाप आपल्या मुलांना अजून ते दाखवतात.

खरी अडचण दुसऱ्या खेपेला येईल. पहिल्या दिवशी देश लोटेल. वर्षभराने मात्र बातमीचा प्राणी बागेतला प्राणी झालेला असेल. सिंह दिवसातले वीस-वीस तास लोळत काढतो, तसा राजासॉरसही पोट भरल्यावर झाडाखाली पडून राहील आणि लोक कठड्यावरून शुक शुक करतील. झोपलाय वाटतं, चला. लांब मानेचे शाकाहारी दिवसभर चरत राहतील आणि त्यांचे शेण उचलायला ट्रक येत राहतील. हत्ती एका दिवसात सुमारे शंभर किलो शेण टाकतो, त्यावरून बाकीचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तो वास कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसेल. तरीही बाग बुडणार नाही असे मला वाटते, कारण आपल्याकडे पाहुणे येतात. मुंबईचा माणूस गेटवेला स्वतःहून कधी जात नाही. साताऱ्याहून मावशी आली की जातो आणि तिथला समुद्र आपण बांधून घेतला असल्यासारखा दाखवतो. डायनासोरही असेच दाखवले जातील. "मागच्या खेपेला हा उभा होता हो," असे यजमान ओशाळून म्हणतील.

एका गोष्टीने मात्र भाच्याला मी चकित करू शकलो. पक्षी हे डायनासोरांचे केवळ वंशज नव्हेत; आजच्या वर्गीकरणानुसार ते डायनासोरच आहेत, त्यांची मागे उरलेली एक शाखा. म्हणजे भायखळ्याला पन्नास रुपये मोजून आपण रांगेत उभे राहिलो होतो ते डायनासोर पाहायलाच. "मग लोक जातील," तो थोडा विचार करून म्हणाला आणि त्याच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या दृष्टीने संपला नाही, कारण आमच्या घरची ती सहल मला अगदी स्पष्ट दिसते आहे. भाचा पुढे धावतो आहे, मी पाटीवरचे लॅटिन नाव चुकीचे वाचतो आहे, मेहुणे फोन उंच धरून प्राण्याचे डोके चित्रात मावत नाही म्हणून मागे मागे सरकत आहेत आणि बहीण त्यांना मागचा खंदक दाखवते आहे. आई पहिल्याच बाकावर टेकते. "तुम्ही या बघून. मी इथे पिशव्यांपाशी बसते." आम्ही आग्रह करतो, ती हाताने आम्हाला वाटेला लावते. तिच्या पाठीमागे झाडांच्या वर एक मान हळूहळू उंच होत जाते आणि सगळी बाग "बघ, बघ" म्हणून ओरडते. आई मात्र धपाट्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून, बाकाच्या पाठीवर येऊन बसलेल्या कावळ्याला पदराने हाकलत असते.