ग्रेसवर पास

स्मरणिकेचं काम बघणाऱ्या वर्गमित्राने फोनवर बजावलं होतं, "शाळेवर लिही, आजारपणावर नको. स्मरणिका आहे ही, केसपेपर नव्हे." मी होय म्हणालो खरा. पण माझ्या शाळेच्या आठवणी आता त्या आजारपणाच्या दारातूनच आत येतात, त्याला मी काय करू?

मी 1987 च्या एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, बॅचचा. मराठी ठीक होतं, गणित चालायचं, कन्नडाने मात्र छळलं. शेवटी ग्रेस मार्क मिळाले म्हणून सुटलो. निकालाच्या दिवशी कन्नडचे सर व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले, "ग्रेसवर पास झालास रे. असू दे, पास तो पास." घरी बाबांना ग्रेस म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. ते रविवारी चर्चमध्ये शाब्बाथशाळा घ्यायचे. "ग्रेस म्हणजे कृपा. लायकी नसताना मिळते ती," असं म्हणून त्यांनी माझ्या एक कानाखाली ठेवून दिली, अभ्यास न केल्याबद्दल.

बेळगावात मिशनचं काम 1820 साली सुरू झालं. आमचं घराणं त्यानंतर कधीतरी त्या मंडळीत आलं. त्यामुळे बायबलमधली सोनेरी वचनं पाठ करणं हा आमच्या लहानपणाचा भागच होता. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे वचन मला तेव्हा अजिबात आवडायचं नाही. आमच्याकडे 'पुरे' हा ताटावर हात आडवा धरून म्हणायचा शब्द. आई आणखी वाढायला आली की "पुरे, पुरे!" देवाने मागणाऱ्या माणसाला "पुरे" म्हणावं, हे मला कंजूषपणाचं वाटायचं.

2018 च्या पावसाळ्यात चार दिवस जुलाब झाले आणि थांबले. आठवड्याभराने पायांना मुंग्या यायला लागल्या. चालताना चप्पल मागे राहायची आणि मला पत्ताच नसायचा. पहिल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी न्हाणीतल्या पाटावरून उठता येईना. मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली, पाय जागचा हलला नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं आणि नाव सांगितलं: गिलॅन-बारे सिंड्रोम. पुण्यात 2025 च्या जानेवारीत बरेच रुग्ण सापडले तेव्हा जीबीएस हे नाव घरोघरी गेलं. 2018 मध्ये आमच्यात कुणाला ते धड म्हणताही येत नव्हतं. आई शेवटपर्यंत 'गुलाबारी' म्हणत राहिली.

जंतूंशी लढायला उठलेली शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवरच्या आवरणावर तुटून पडते, असं डॉक्टरांनी समजावलं. दुबळेपणा पायांकडून वर चढतो. माझा चढत चढत छातीपर्यंत आला आणि मला व्हेंटिलेटरवर ठेवलं. 23 दिवस. पुढे घशाला भोक पाडून नळी बसवली. ऐकू येत होतं, कळत होतं, दुखतही होतं. हलत फक्त पापण्या होत्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या.

खोटं कशाला लिहू, त्या दिवसांत मला प्रार्थना जमली नाही. पाळकसाहेब यायचे, कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायचे, आणि मनातल्या मनात मी एवढंच म्हणायचो: पुरे आता. करिंथकरांना ते पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या अंगातही काटा होता. तो काढ म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं, आणि काटा न निघताच त्याला ते 'पुरे आहे' उत्तर मिळालं. हे मला पाठ होतं, बरं का. पाठ असण्याचा तिथे काही उपयोग झाला नाही.

उपयोगाला आल्या मराठीच्या बाई. त्या स्वतः तिथे नव्हत्या, त्यांची वर्णमाला होती. आठवतंय ना, बाई आमच्याकडून आडवी म्हणून घ्यायच्या? कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, मग य-र-ल-व, मग श-ष-स-ह. छडी फळ्यावर ओळीओळीने सरकायची. माझी बायको त्याच शाळेची, दोन वर्षं मागे. अतिदक्षता विभागात एका दुपारी तिने औषधांच्या बिलाच्या पाठीमागे ओळी मांडल्या आणि बोट ठेवून विचारायला लागली, "पहिली ओळ? दुसरी?" बरोबर ओळीवर मी पापणी मिटायची, मग त्या ओळीतल्या अक्षरावर. काना-मात्रा सोडून द्यायच्या.

नऊ दिवसांनी पहिल्यांदा मी काहीतरी 'बोललो'. पाचवी ओळ, पाचवं अक्षर: म. सातवी ओळ, पहिलं: श.

"मश?" ती गोंधळली. "मश... मशेरी? अहो, तुम्ही कधीपासून मशेरी लावायला लागलात?"

माझ्या नाकाच्या शेंड्यावर माशी बसली होती. अर्धा तास. तिचे सहाही पाय मला वेगवेगळे कळत होते. शेवटी बायकोच्या लक्षात आलं. तिने पदराने माशी हाकलली आणि खुर्चीवर बसून हसत सुटली, मग रडली. कृपा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर पदराचा तो फटकारा आधी आठवतो. धर्मशास्त्र शिकलेल्या मंडळींना हे पोरकट वाटेल, वाटू दे.

दुसरी गोष्ट औषधाची. इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या, किलोला 0.4 ग्रॅम या हिशोबाने पाच दिवस. माझं वजन 65, म्हणजे रोजचे 26 ग्रॅम. किंमत लाखांच्या घरात. बायकोने पाटल्या काढल्या. त्या मोडायच्या आधीच आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी खबर टाकली होती. शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, पार कोल्हापूरपर्यंतच्या पोरांनी पैसे पाठवले. (पन्नाशीला टेकलो तरी आपण पोरंच!) माझ्या बाकावरचा तिसरा, ज्याची कंपासपेटी मी आठवीत लपवली होती, तो रिक्षा चालवतो. त्याचे दोन हजार सगळ्यात आधी आले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हे औषध हजारो लोकांनी दिलेल्या रक्तद्रवातून वेगळं काढतात. ती माणसं कोण, कुठली, कुठल्या धर्माची, मला कधीच कळणार नाही. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, पेला ओठाला लावला तेव्हा 'तुमच्यासाठी ओतलेले रक्त' हे शब्द कानावरून नेहमीसारखे निघून गेले नाहीत. माझा हात कापत होता. पाळकसाहेबांना वाटलं, आजारामुळे.

सुधारणा अगदी सावकाश झाली. नस वाढली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते म्हणे, म्हणजे गुडघ्यापासून पावलापर्यंत पोचायला वर्ष-दीड वर्ष. रात्रपाळीची सिस्टर गोकाककडची होती, तिला मराठी येत नसे. "कण्ण तेगीरी... नोवु ऐतेन्री?" डोळे उघडा, दुखतंय का? मी पापणी मिटून उत्तर द्यायचो आणि मनात कन्नडच्या सरांना म्हणायचो, सर, कळतंय हो, सगळं कळतंय. नळी निघाल्यावर मी पहिलं वाक्य तिच्याशी मोडक्यातोडक्या कन्नडात बोललो. तिने व्याकरणाच्या तीन चुका काढल्या.

काटा सगळा निघालेला नाही. डावं पाऊल अजून उचलत नाही, बुटात प्लॅस्टिकची पट्टी घालतो. चर्चमध्ये सगळे गीताला उभे राहतात तेव्हा मी बाक धरून उभा राहतो, मग बसतो. ते पाऊल पूर्वीसारखं व्हावं म्हणून तीनपेक्षा पुष्कळ जास्त वेळा मागून झालंय. अलीकडे मागत नाही. कंटाळलो असेन, किंवा आणखी काही असेल.

मागच्या मार्चमध्ये मराठीच्या बाईंना भेटायला टिळकवाडीत गेलो. चौऱ्याऐंशी वय, ऐकू कमी येतं, पण चष्म्यावरून बघायची पद्धत तीच. माशीची गोष्ट त्यांना मोठ्याने, सविस्तर सांगितली. कुंद्याची बशी माझ्यापुढे सरकवत बाईंनी विचारलं,

"म्हणजे म ला काना नाही, श ला वेलांटी नाही?"

"बाई, पापण्यांनी कशी देणार?"

"ते मला सांगू नकोस. अर्धा मार्क कापला."