लेखचर्चेचे पाच महिने : माझी नोंद

बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दीर्घलेखांवर चर्चा होते. तिथे मी जाऊ लागलो, त्याला आता पाच महिने झाले. बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे आणि दिवाळी अंकांसाठी आधी नंबर लावून ठेवणारे वाचक इथे आजही भेटतात. पण वाचलेला लेख चार माणसांत बसून उलगडण्याची सवय मला तरी नव्हती. लेख आवडला किंवा रटाळ वाटला, एवढ्यावर माझे वाचन संपत असे.

लेखाच्या झेरॉक्स आठवडाभर आधी हातात पडतात. बैठकीत मत मांडण्याआधी प्रत्येकाने एकेक परिच्छेद निवडायचा आणि तो मजकूर लेखकाला कसा कळला असेल, ते सांगायचे. पहिल्या दोन बैठकांत मला हे शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखे वाटले, आणि मी गरजेपेक्षा जास्त बोललो, हेही कबूल करतो.

तिसऱ्या बैठकीला अमेरिकी पत्रकार जॉन हर्सी यांचा, हिरोशिमावरच्या अणुबॉम्बविषयीचा ‘हिरोशिमा’ हा लेख घेतला. आधी चार भागांत छापायचा ठरलेला हा लेख ‘द न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकाने ३१ ऑगस्ट १९४६ च्या एकाच अंकात, बाकीचा सारा मजकूर बाजूला ठेवून, छापला. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता कारखान्याच्या कचेरीतली तोशिको सासाकी शेजारच्या टेबलावरील मुलीशी बोलायला मान वळवत असते, तिथे लेख सुरू होतो. तिने मान वळवल्याचे हर्सींना सांगणार कोण? तीच! जपानला जाऊन त्यांनी बॉम्बमधून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतल्या सहा जणांच्या आठवणींवर हा लेख उभा केला.

मात्र ते स्वतः लेखात कुठेच दिसत नाहीत. आमच्या गटातल्या एका बाईंना हा संयम फार भावला. खानापूरहून एसटीने येणारे निवृत्त सर मात्र अडून बसले. त्यांचे म्हणणे असे, की आपल्याकडच्या लेखात ‘मी’ जरा जास्तच मिरवतो हे खरे, पण त्यामुळे कोणती गोष्ट कुणाच्या तोंडून आली ते निदान समजते. त्या दिवशी मी बाईंच्या बाजूने होतो, आता निम्मा सरांकडे झुकलो आहे.

चौथ्या बैठकीतला लेख माझ्या लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणाने. झेरॉक्समध्ये सातवे पान आलेच नव्हते आणि ‘लेखक इथे मुद्दाम झेप घेतो’ यावर आम्ही वीस मिनिटे गंभीर चर्चा केली. शेवटी मूळ अंक उघडून पाहिला, तेव्हा हसू आवरेना. तेव्हापासून मी लेख हाती आला, की आधी पाने मोजतो.

पुढच्या बैठकीचा लेख मला निवडायचा आहे. एका जुन्या दिवाळी अंकात निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांवरचा लेख मिळाला आहे. त्याच्या समासात मी पेन्सिलीने चौदा ठिकाणी ‘कोण म्हणाले?’ असे लिहिले. तीन ठिकाणची उत्तरे पुढच्या पानांत सापडली. उरलेल्या अकरा ठिकाणांसाठी बैठकीआधी खानापूरच्या सरांना गाठायचे आहे.