कास्टरचा रकाना रिकामा होता

नागपूरहून समृद्धी महामार्गाने शिर्डीला जायचं ठरलं आणि बायको म्हणाली, "स्टेअरिंग असं वाकडं धरून काऊन चालवता?" मी वाकडं धरलं नव्हतं, ते वाकडंच झालं होतं. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावं पुढचं चाक दणकून आदळलं, तेव्हापासून. शिवाय हात जरा सैल केला की गाडी डावीकडे निघायची. ताशी १२० च्या रस्त्यावर पाचशेवर किलोमीटर गाडीशी पंजा लढवायची माझी तयारी नव्हती.

पहिल्या दुकानात व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं काम, दहा मिनिटांत झालं. पडद्यावर सगळे आकडे हिरवे, हातात छापील कागद, ४०० रुपये. वर्धा रोडला लागलो तर स्टेअरिंग तसंच तिरपं! परत गेलो. मुलगा म्हणाला, "भाऊ, मशीन तर ओके दाखवते." आता मशीनशी काय भांडणार?

झालं काय होतं, ते नंतर कळलं. टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा, फिरवताना स्टेअरिंग सरळ धरून लॉकच केलं नव्हतं. दोन्ही चाकांचा मिळून टो, म्हणजे चाकं समोरून आत-बाहेर किती वळलीत ते माप, बरोबर, पण तो डाव्या-उजव्यात सारखा वाटलेला नाही. गाडी चालू लागली की चाकं आपसात तो वाटून घेतात आणि तिरपेपणा स्टेअरिंगवर येतो. दुसऱ्या दुकानाने स्टेअरिंग लॉक करून एवढं नीट केलं. खेचणं मात्र गेलं नाही. तिथे पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलूनही पाहिले. टायरचा दोष असता तर खेच उजवीकडे गेली असती. ती डावीकडेच राहिली.

मग एका मित्राने हिंगणा रोडकडच्या एका मिस्त्रीकडे पाठवलं. त्यांनी आधी चारही चाकांची हवा पाहिली. मग माझ्या हातातला पहिल्या दुकानाचा कागद घेतला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "हे कास्टर काऊन कोरं आहे?"

कास्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं, त्याचा बाजूने दिसणारा पुढे-मागे कल. तो मोजायचा तर चाकं फिरत्या थाळ्यांवर ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडे ठरावीक अंश वळवावं लागतं. त्यात वेळ जातो, म्हणून पुष्कळ जण तो मोजतच नाहीत. माझ्या गाडीत टो तेवढा टाय रॉडने जुळतो, कास्टर फिरवायला नटच नाही. तो बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा ढिलं झालंय.

त्यांनी मोजला. डाव्या चाकाचा उजव्यापेक्षा बराच कमी निघाला, आणि गाडी कमी कास्टरच्या बाजूलाच खेचते. मग गाडी वर घेऊन लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यात, टॉमी (लोखंडी पहार) घातली, हलकेच दाबली, आणि आर्मच्या सांध्यातल्या मागच्या बुशचं रबर उघडं पडलं. आरपार फाटलेलं. त्या खड्ड्याने ते फाडलं होतं आणि चाक मागे सरकत होतं.

"पहिले ढिल काढा, मंग अलाइनमेंट करा. उलटं केलं तं पैसे पाण्यात."

माझे दोनदा गेले होते, पण ते मी सांगितलं नाही.

दोन्ही बाजूंचे बुश प्रेसवर बदलले. एक गोष्ट मला फार आवडली. आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी झाल्यावरच शेवटचे कसले. हवेत लटकलेल्या आर्मवर कसले तर गाडी खाली आल्यावर रबरला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. त्यानंतर कास्टर मोजला, मग स्टेअरिंग लॉक करून टो. सगळं मिळून अर्धा दिवस गेला.

आउटर रिंग रोडवर गाडी सरळ धावली. अगदी थोडी डावीकडे कलते, पण पाणी वाहून जावं म्हणून रस्ताच तिकडे उतरता असतो. रस्त्याच्या मधोमध आलो की तेही थांबतं.

डाव्या टायरची कड मात्र करवतीसारखी झिजली होती. तो आता मागे लावलाय. शिर्डीच्या वाटेवर ऐंशीच्या पुढे त्याची भुणभुण सुरू व्हायची आणि बायको गाण्याचा आवाज वाढवायची.